मेमरीच्या आठ पट्ट्या

शुक्रवार, २२ ऑक्टोबर १९९३. सकाळी.
खताच्या दुकानदारानं फुकट दिलेली डायरी. दहा महिने कोरी पडली व्हती. आजपासून लिवणार. रोज. कारण कंप्यूटर. माझ्या लेकानं, सिद्धलिंगनं, औरंगाबादहून आणून जिंतूरच्या आमच्या प्रेसमधी बसवला, त्याला दोन महिने झाले. मशीन म्हणलं की रेकॉर्ड पायजे. छपाईच्या ट्रेडलचं तीस वर्सांचं रेकॉर्ड माझ्या डोक्यात हाय. याचं डोक्यात बसंना, म्हणून कागदावर. दुसऱ्या कोणी वाचायचं काम न्हाई.

कंप्यूटरचे नखरे लय. खोलीत चपला काढून या. वर कपडा झाका. खिडकी लावा. आमच्या देवघरात बी इतकं न्हाई. मशीन हाय का जावई?

चालवतो मुंजाजी. बावीस वर्सं त्यानं माझ्याकडं शिशाचे खिळे, म्हंजे छपाईची अक्षरं, जुळवले. पंचेचाळिसाव्या वर्सी औरंगाबादला महिनाभर ऱ्हाऊन हे शिकून आला. बोटं अजून खिळा उचलल्यासारखी चालतेत. पण चालतेत.

शनिवार, २३ ऑक्टोबर. खंडेनवमी.
पूजा झाली. ट्रेडल, कटिंग मशीन, खिळे ठेवायच्या खान्याखान्याच्या केसा, कात्री, सगळ्याला विभूती, कुंकू, झेंडू. मुंजाजी झेंडू आणायला बाजारात गेला तवर मी कंप्यूटरचं उरकून घेतलं. वरच्या पत्र्याला विभूती लावून काय उपेग? ट्रेडलची पूजा आपण गोणपाटावरून करतो का? चार स्क्रू काढले. डबा उघडला. आत एका बाजूला हिरव्या पट्ट्या उभ्या. आठ. शाळंत लेकरं प्रार्थनेला उभी ऱ्हातेत तशा. मन प्रसन्न झालं. वाटीत पाणी घालून विभूती कालवली, तीन बोटं बुडवली आन आठीवरून एकदाच फिरवली. तीन रेघा. कपाळावर वढतो तशाच. थोडं पाणी खाली वघळलं. तीर्थच ते. डबा लावून टाकला.

डबा उघडायचा न्हाई असं कंपनीचं सांगणं हाय. कंपनीला खंडेनवमी ठाऊक न्हाई.

रविवार, २४ ऑक्टोबर. दसरा.
मशीन चालू करून बगितलं. काळ्या पडद्यावर आकडे पळतेत आन दोन हजार अठ्ठेचाळीसवर थांबतेत. मुंजाजी म्हणतो ते आपली मेमरी मोजायलंय. मोजू द्या. आज लय झपाट्यानं मोजली. विभूती लागू पडली.

मंगळवार, २६ ऑक्टोबर. दुपारी.
आकडे एक हजार चोवीसवरच थांबले. मंग इंग्रजीत एक ओळ. मंग पडदा ठप्प. मुंजाजीनं ओळ एकेक अक्षर लावून वाचली. मेमरीत काईतरी एरर. बंद केलं, चालू केलं, सात बार. तेच.
व्होल्टेज असणार. जिंतूरचं व्होल्टेज माणसाला बी सोसत न्हाई.

बुधवार, २७ ऑक्टोबर.
व्होल्टेज बरोबर हाय. मंग भूकंप. मागच्या महिन्यात पहाटं भांडे वाजले व्हते तवा मशीन हाललं असणार. जोडणी ढिली झाली. मुंजाजी म्हणला, अप्पा, भूकंपाला महिना झाला, कालपस्तोर तर चालू व्हतं. म्हणलं, काई मार उशिरा दुखतेत.
तिकडं किल्लारीला गावंच्या गावं गेली आन मी इतं भूकंपाच्या नावावर बिल फाडायलोय. लिवताना बरं वाटंना. पण कारण तर पायजे.
पूजेचा आन याचा काई संबंध न्हाई. पूजेनं बिघडलेलं मशीन मी आजवर बगितलं न्हाई.

गुरुवार, २८ ऑक्टोबर. सकाळी, एसटीडी बूथवरून आल्यावर.
सिद्धलिंगला फोन लावला. त्यानं कंपनीच्या इंजिनिअरलाच बाजूला बसवलं व्हतं. इंजिनिअर दिवाळीनंतर येणार. तवर त्यानं फोनवर तपासायची रीत सांगितली. ही लिवून ठेवतो.

आठ पट्ट्या म्हंजे मेमरी. चार-चारच्या दोन ओळी. पहिल्या ओळीत चारी असल्याबिगर मशीन तोंड उघडत न्हाई. अर्ध्यावर मोजून थांबतंय म्हंजे पहिली ओळ चांगली, दुसरीत खोट. दुसरी ओळ सगळी काढायची. मंग त्यातली एकेक पट्टी पहिल्या ओळीतल्या एकीच्या जागी लावून बगायची. जिच्यानं मशीन अडलं ती खराब. पट्टीला हात लावायच्या आधी लोखंडाला हात लावायचा, अंगातली वीज उतरते म्हणं.
सोपं हाय. अर्ध्या तासाचं काम. उद्या करतो.

शेवटी सिद्धलिंगनं विचारलं, डबा कोणी उघडला व्हता का. उघडला असंल तर गॅरंटी लागू व्हत न्हाई.
म्हणलं, मी कशाला उघडू? मुंजाजीनं उघडला असंल तर म्हाईत न्हाई.
हे तोंडातून आपसूक गेलं. बूथवर मागं पाच माणसं लाईनीत उभी व्हती. सविस्तर सांगायला फुरसत कुठं व्हती?

शुक्रवार, २९ ऑक्टोबर. दुपारी चार.
आज एक परसंग झाला. आबासाहेब आले. बोरीकडले, लेकीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडं टाकलेली. प्रूफ बगायला आले. प्रूफ मशीनच्या पोटात. मशीन मुकं. ते चिडले. पाव्हण्यांना काय तोंड दाखवू म्हणले. मी बी चिडलो. आन त्यांच्या समोर मुंजाजीला म्हणलं, "सांग आता आबासाहेबाला, काय केलंस मशीनला."
त्यानं माझ्याकडं बगितलं, मंग मशीनकडं. कंप्यूटरवर कपडा झाकला, चारी कोपरे नीट केले. खोलीची चावी भिंतीच्या खिळ्याला लावली. चप्पल घातली आन गेला.
रागीट माणूस हाय. उद्या येईल.

शनिवार, ३० ऑक्टोबर.
न्हाई आला. बरंच हाय. निवांत तपासता येईल.

सोमवार, १ नोव्हेंबर. सकाळी नऊ ते दुपारी दोन.
तपासणी सुरू. लोखंडाला हात लावला. एकदा न्हाई, ट्रेडलला कवळाच घातला. डबा उघडला. दुसरी ओळ काढली, पाच ते आठ. हरवू नये म्हणून खिळ्यांच्या केसमधी वेगवेगळ्या खान्यात ठेवल्या.
पाच नंबर पहिल्या ओळीत लावली. मशीन चाललं, एक हजार चोवीस. चांगली. सहा नंबर, चाललं. सात, आठ, चाललं. चारीच्या चारी चांगल्या.
हे कसं? एक तर खराब पायजेच. पट्ट्या एकमेकींना झाकायलेत.
वर कडेला पांढरं दिसलं, ते वाळलं व्हतं. धोतराच्या सोग्यानं पुसून काढलं. खाली पट्टी बसते त्या खाचंत बी गेलंय थोडं. तितं सोगा पोचत न्हाई. म्हणून ते मोजणीत धरलं न्हाई.

मंगळवार, २ नोव्हेंबर.
पहिली ओळ बी काढून केसमधी ठेवली. आता कोणत्या खान्यात कोणती व्हती, इसरलो. बावीस वर्सं केस मुंजाजी बगायचा, खाने त्याला पाठ. आठी पट्ट्या सारख्या. नवीन नंबर टाकले, खडूनं. जी जरा काळवंडलेली व्हती ती पाच ठरवली. चोर तीच. तोंडावरून कळतं.

गुरुवार, ४ नोव्हेंबर.
खिळे मळले की आमी घासलेटनं धुतो. पट्ट्या तशाच धुतल्या, ब्रश मारून. धातूच हाय शेवटी. उन्हात वाळवल्या. खडूचे नंबर गेले.
सिद्धम्मानं, माझ्या बायकोनं, माळवदावर वाळवणात पट्ट्या बगितल्या. कुरड्यांची ताटली तेवढी लांब सरकवली. मंग जिन्यावरून उतरताना विचारलं, खंडेनवमीला विभूतीची वाटी प्रेसमधून आली तर पाणी कालवलेली कशी व्हती. मी म्हणलं, ट्रेडल मोठं हाय.

रविवार, ७ नोव्हेंबर.
मुंजाजी गाव सोडून पूर्णेला गेला म्हणं. साडूकडं. हमालीचं काम बगायलाय, रेल्वेच्या मालधक्क्यावर. हे मला चहाच्या गाड्यावर कळलं. ज्याची बोटं सहा पॉईंटचा बारका खिळा अंधारात वळखतेत, तो पोते उचलणार. त्याला तितं कोण जाऊ म्हणलं व्हतं? मी तर फकस्त विचारलं व्हतं.
आज चहा अर्धा सोडला. साखर कमी व्हती.

मंगळवार, ९ नोव्हेंबर.
आबासाहेबाची पत्रिका हातानं जुळवतो असा निरोप धाडला व्हता. शब्द दिला की पाळायचा. निजामाच्या राज्यात उर्दूतून चौथी शिकलो तरी उलटा खिळा सरळ वाचायला कोणाच्या बापाकडं जायलो न्हाई. सकाळी आठला बसलो. बाराला चार ओळी झाल्या. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय हे इसरलो व्हतो. जुळवलेल्या खिळ्यांची फ्रेम उचलताना घसरली. चार ओळी जमिनीवर.
आबासाहेबानं मजकूर परत नेला. परभणीला छापतो म्हणले. जाताना मुंजाजी कसा हाय विचारलं. बरा हाय म्हणलं.

बुधवार, १० नोव्हेंबर.
निश्चय. मुंजाजीला पत्र टाकणार. स्पष्ट. चार ओळी. "मुंजाजीस आशीर्वाद. डबा मी उघडला व्हता."

गुरुवार, ११ नोव्हेंबर.
पत्र लिवलं. पोस्टकार्डावर. मंग ध्यानात आलं की कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो. इनलँड आणावं लागंल. पोस्टात दिवाळीची गर्दी. दिवाळीनंतर.

सोमवार, १५ नोव्हेंबर.
दिवाळी झाली. मुंजाजीच्या घरी दरवर्सी फराळाचा डबा जातो. यंदा सिद्धम्मानं डबा भरला आन विचारलं, कुठं धाडू. मी पेपर वाचायलो व्हतो.
रोज आंघोळीनंतर कपाळावर तीन बोटं वढतो. चाळीस वर्सांची सवय. आता आरशात बगून वढता येत न्हाई. अंदाजानं वढतो. सिद्धम्मा म्हणली, आज रेघा वाकड्या आल्यात.

मंगळवार, १६ नोव्हेंबर. सकाळी.
उद्या इंजिनिअर. त्याच्या आधी पट्ट्या जागच्या जागी बसवून ठेवाव्या म्हणलं, म्हंजे आपण हात लावला असं वाटायचं न्हाई. सात बसल्या. आठवी बसंना. जरा जोर दिला. कट झालं. कोपरा हातात आला. उलटी लावत व्हतो.
आता एक पट्टी खरंच खराब हाय. म्हंजे तपासणीचा निकाल तर लागला.

बुधवार, १७ नोव्हेंबर. दुपारी.
इंजिनिअर येऊन गेला. पोरगंच हाय. चष्मा. चपला न सांगता बाहेर काढल्या. अर्ध्या तासात काम केलं.
त्यानं पहिलं इचारलं ते, घासलेटचा वास कशाचा. म्हणलं, प्रेस हाय. मंग बॅटरी मारून खाचंत बगितलं आन म्हणला, हे पांढरं काय?
म्हणलं, भूकंपात छताचा चुना पडला.
त्यानं चिमटीत धरून वास घेतला. चुन्याला असा वास नसतो म्हणला. मी म्हणलं, आमच्याकडल्या चुन्याला असतो. त्यानं कागदावर "धूळ" लिवलं. शाळेतल्या खोडरबरानं पट्ट्यांचे पितळी दात घासले. खाचंत बारका ब्रश फिरवला. मंग मला समजावून सांगितलं. चारी पट्ट्या पहिल्या ओळीत चालल्या तवाच कळायला पायजे व्हतं की पट्टी चांगली हाय, खाच घाण हाय. एक बी पट्टी खराब नव्हती.
मंग तुटकी हातात घेतली. ही कोणी तोडली?
सिद्धम्मा चहा घेऊन दारात उभी व्हती.
मी म्हणलं, मुंजाजीनं. आमचा ऑपरेटर. तवाच काढून टाकला त्याला.
मुंजाजी अठरा दिवसांपासून पूर्णेला हाय आन पट्टी काल तुटली.
इंजिनिअरनं पिशवीतली पट्टी लावली. आकडे दोन हजार अठ्ठेचाळीसपस्तोर गेले. तो म्हणला, मशीनमधी काई दोष नव्हता काका.
तो गेल्यावर सिद्धम्मा कपबशा उचलायला आली. माझ्याकडं न बगता म्हणली, "पूर्णेला जा. जे झालं ते त्याच्या तोंडावर सांगा. तवर मला जेवायला वाढ म्हणू नका."

गुरुवार, १८ नोव्हेंबर.
स्वतःच्या हातानं पिठलं केलं. जमलं. खारट.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर.
पिठलं.

शनिवार, २० नोव्हेंबर. सकाळी, परभणी स्टेशन.
सहाच्या एसटीनं निघालो. आता पॅसेंजरची वाट बगायलोय. वाक्य तयार हाय. "मुंजाजी, डबा मी उघडला, पाणी मी सांडलं, नाव तुझं घेतलं. माझं चुकलं. चल." फालतू पाल्हाळ न्हाई. बाकड्यावर बसून पाच बार म्हणून बगितलं. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकड्यावर गेली.
आज हे संपवणार. खरं बोलायला काय लागतं? तोंड.

त्याच दिवशी, परतीच्या गाडीत.
जसं घडलं तसं लिवतो.
साडूचं घर रेल्वेच्या चाळीमागं. मुंजाजी वसरीत बसला व्हता. खांद्यावर पोत्याचे वळ. मला बगून ताडकन उठला. त्याची बायको कडूबाई आतून पाणी घेऊन आली. मी बसलो. पाणी पिलो. वाक्याला सुरुवात केली. म्हणलं, मुंजाजी, त्या डब्याचं असं झालं.
तो मधीच बोलला. "अप्पा, मलाच सांगू द्या. ती थाप मी मारली व्हती."
म्हणलं, कसली थाप?
तो सांगायला लागला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पडदा थरथरत व्हता. ट्रेडल अडलं की आपण थापटतो, त्या सवयीनं त्यानं डब्याला बाजूनं एक थाप मारली. हळूच. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी मेमरी गेली. तवाच सांगायला पायजे व्हतं, भ्यालो. तुमी आबासाहेबासमोर विचारलं तवा तोंड उघडंना. तीन आठवडे झोप न्हाई अप्पा. बावीस वर्सं तुमचं मीठ खाल्लं आन तुमचं मशीन माझ्या हातानं गेलं.
त्याच्या डोळ्यात पाणी आलं.
आता मी काय करायला पायजे व्हतं? माणूस इतकं मनापासून सांगायलाय. त्याला मधी तोडून आपलं दामटायचं बरं दिसतं का?
म्हणलं, "जाऊ दे. झालं ते झालं. मी मनात ठेवलं न्हाई."
कडूबाई माझ्या पाया पडली. मागं भिंत व्हती. पाय घ्यायला जागा नव्हती.
मुंजाजी समोरच्या बाकड्यावर बसलाय. पिशवी मांडीवर. मी लिवायलोय म्हणून बोलत न्हाई. दर स्टेशनला उतरून माझ्यासाठी पाणी आणतो.

रविवार, २१ नोव्हेंबर.
सिद्धम्मानं विचारलं, सांगितलं का?
म्हणलं, सगळं बोलणं झालं. तो आलाय बग कामावर.
तिनं ताट वाढलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. दोन घास गेले. भाजी चांगली व्हती. तरी गेली न्हाई.

बुधवार, २४ नोव्हेंबर.
सिद्धलिंगचा फोन. ऑपरेटरला पुन्हा घेतलं म्हणं, इतकं नुकसान करूनबी? म्हणलं, माणसाला एकदा माफ करावं. तो म्हणला, अप्पा, तुमचं मन मोठं हाय.
रिसीव्हर ठेवला तरी बूथवाला माझ्याकडं का बगायलाय कळंना. मंग कळलं, माझा हात अजून रिसीव्हरवरच व्हता.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर. दुपारी.
तुळशीचं लगीन लागलं. पत्रिकांची गर्दी सुरू. पण नवीन भानगड. मुंजाजी बटणं इतकी हळू दाबायलाय की अर्धी अक्षरं उमटंनात. आजच्या प्रूफात नवरदेवाचा मामा सगळाच गायब. ओळ दोन-दोन बार टाईप करायलाय. मशीनपासून हातभर लांब बसतो. काम संपलं की डब्याला हात जोडतो. मधीच उठून कपडा झाकून येतो, मंग आठवतं की अजून काम हाय.
मी जाऊन दार लावलं. म्हणलं, मुंजाजी, दाब की जोरात. त्याला काई व्हत न्हाई. थापटलं तरी व्हत न्हाई. थापटीनं मेमरी जातच न्हाई.
तो थांबला. माझ्याकडं वळला.
"अप्पा, तुमाला कसं ठाऊक?"
खोलीत आमी दोघंच. बाहेर ट्रेडल बंद. परभणी स्टेशनवरचं वाक्य जसंच्या तसं तोंडात आलं व्हतं.
म्हणलं, अनुभव हाय.
तो बरं म्हणला आन पुन्हा हळूच दाबायला लागला.